बाबांची गाडी आश्रमाला द्यायचीय, पण कागद संपलेत

पत्राचा सारांश: सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून पन्नाशीतल्या बाईंनी लिहिलं आहे. वडील २०२१ च्या डिसेंबरात गेले. त्यांची २००८ सालची वॅगन-आर तेव्हापासून घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. नोंदणी अजून वडिलांच्याच नावावर आहे आणि तिचीही मुदत २०२३ मध्ये संपली. विमा नाही, पीयूसी नाही. आईचं म्हणणं, “त्यांची गाडी विकायची नाही.” अमेरिकेतला भाऊ म्हणतो, “देऊन टाक कुठल्यातरी संस्थेला. इकडे सगळे तेच करतात, वर टॅक्सही वाचतो.” जवळचा एक वृद्धाश्रम गाडी घ्यायला तयार आहे. तिथले व्यवस्थापक म्हणाले, “आमच्याकडचा मुलगा येऊन घेऊन जाईल, कागदांचं नंतर बघू.” बाई विचारतात, चांगल्या कामाला देतोय, तर एवढ्या कागदांच्या भानगडीत पडायलाच हवं का? आणि दिली तर करात सूट मिळेल का?

ताई,

उत्तर आधी सांगते, कारणं मग. ‘कागदांचं नंतर बघू’ या बोलीवर गाडी शेडबाहेर काढू नका. किल्लीही देऊ नका. आश्रमाची माणसं भली असतील, तुमच्या हेतूबद्दल तर शंकाच नाही. पण ‘नंतर’ म्हणजे कधी, हे कुणीच ठरवलेलं नाही. तोवर ती गाडी रस्त्यावर धावणार कुणाच्या नावावर? तुमच्या वडिलांच्या.

मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. गाडी कुणाच्या अंगणात लागते, पेट्रोल कोण भरतं, याला तिथे किंमत नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण होतं. गाडी एकाने दुसऱ्याला विकली, त्याने तिसऱ्याला, अशी ती हातोहात पुढे गेली, नोंदणी मात्र पहिल्याच्याच नावावर राहिली आणि अपघात झाला. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदणी असलेल्या माणसावर टाकली. ज्याचं माणूस गेलं किंवा जायबंदी झालं, त्याने खरा मालक कोण हे शोधत दारोदार हिंडायचं का, हा त्यामागचा विचार. तुमच्याकडे तर नोंदणीवरचं माणूसच हयात नाही, म्हणजे नोटीस येणार ती वारसांच्या दारात. विमा नसल्यामुळे मध्ये पडायला कंपनीही नाही. नोंदणीची मुदत संपलेली गाडी चालवली तर पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड आहे, विम्याविना चालवली तर आणखी २,०००. दंड एक वेळ भरता येईल. अपघाताच्या दाव्याचे आकडे लाखांत असतात.

आणि आश्रमातल्या त्या मुलाचाही विचार करा. आजोबांना दवाखान्यात घेऊन चाललाय आणि नाक्यावर अडवला. त्याने काय दाखवायचं? ‘गाडी धर्मादाय आहे’ असं सांगून नाक्यावर सुटका होत नाही. संस्थेला दिली म्हणून नोंदणी, विमा, पीयूसी यातलं काहीही माफ होत नाही.

आता तुमच्या पत्रात गृहीत धरलेल्या एकदोन गोष्टी. ‘पंधरा वर्षं झाली, म्हणजे आता ती भंगारातच जायची’ असं तुम्ही मध्येच लिहिलंय. तसं नाही. डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यातल्या प्रदूषणावरून आली आणि बातम्यांमधून ती सगळ्यांच्या डोक्यात बसली. महाराष्ट्रात खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते आणि गाडी तपासणीत पास झाली तर पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. म्हणजे तुमची वॅगन-आर कायद्याने मेलेली नाही, तिचे कागद झोपलेत. ते जागे करायचे की नाही, हा हिशेबाचा प्रश्न आहे. त्याकडे येतेच.

त्याआधी आई.

‘विकायची नाही’ हे त्यांचं वाक्य तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात आणि ‘मग दान करू’ असं स्वतःच ठरवून टाकलंत. विकायची नाही म्हणजे द्यायची आहे, असं आई म्हणाल्या आहेत का? मला पत्रावरून तसं वाटत नाही. नवरा गेल्यावर त्याच्या वस्तूंबद्दल बायका जे बोलतात, त्यात पैशाचा भाग फार थोडा असतो. कुणीतरी येऊन गाडीला लाथ मारून टायर बघणार, ‘काकू, एवढ्याला कोण घेतंय’ म्हणणार, हे त्यांना बघायचं नसेल. किंवा ती शेड रिकामी दिसायला नको असेल. किंवा खरंच, ‘ह्यांची गाडी कुणाच्या तरी उपयोगी पडावी’ एवढंच असेल. या तिन्ही गोष्टींची उत्तरं वेगवेगळी आहेत. शेजारी बसून विचारा. भावाला स्पीकरवर घेऊन नव्हे, दोघीच असताना.

विचारायलाच हवं, याला दुसरंही कारण आहे. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्या गाडीत आई, तुम्ही आणि भाऊ अशा तिघांचा सारखा वाटा आहे. गाडी एकट्या तुमची नाही, म्हणून एकट्या तुम्हाला ती देताही येत नाही. भाऊ फोनवर ‘देऊन टाक’ म्हणाला, ते आरटीओत चालत नाही. त्याची लेखी संमती लागेल आणि परदेशातून पाठवायची तर ती तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून पाठवणं बरं. एवढी मोठी मतं देतोय तर एक चक्कर त्यालाही पडू द्या.

भावाचं म्हणणं त्याच्या जागी खोटं नाही. अमेरिकेत जुनी गाडी संस्थेला देणं हा रुळलेला प्रकार आहे. फोन केला की टोइंगवाला येतो. पण तिथेही बहुतेक वेळा संस्था ती गाडी चालवत नाही, लिलावात विकते. २००५ पासून नियम असा आहे की वजावट साधारणपणे गाडी जेवढ्याला विकली गेली तेवढ्याचीच मिळते, घरच्या माणसाला वाटेल तेवढ्याची नाही. मालकीचा कागदही तिथे लागतोच. थोडक्यात, अमेरिकेत संस्थेच्या हातात शेवटी पैसाच पडतो.

आपल्याकडे तर करसवलतीचा प्रश्न एका वाक्यात संपतो. आयकरात देणगीची जी वजावट असते (‘८०जी’ म्हणून ओळखली जाते ती), ती पैशाच्या देणगीला मिळते, वस्तूला मिळत नाही. गाडी, धान्य, कपाट, काहीही दिलंत तरी शून्य. पैसे दिले तरी ते चेकने किंवा ऑनलाइन द्यावे लागतात, रोखीत २,००० रुपयांपर्यंतच चालतं आणि तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तर ही वजावट मुळातच नाही. भाऊ तिकडून आश्रमाला पैसे पाठवणार असेल तर त्याचा पासपोर्ट कुठला, हे आधी विचारा. अजून भारतीय नागरिक असेल तर त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परदेशी धरली जात नाही. नागरिकत्व बदललं असेल तर आश्रमाकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी हवी. नसेल तर संस्थेने ते पैसे घेणंच बेकायदेशीर ठरतं. छोट्या आश्रमांना हे माहीत नसतं आणि नंतर ते फुकट अडचणीत येतात.

आता आश्रमाला नक्की काय हवंय ते बघू. तुम्ही ‘गाडी देऊ का’ विचारलंत, ते ‘द्या’ म्हणाले. आलेल्या माणसाला संस्था नाही म्हणत नाहीत. उद्याच्या देणगीदाराला कोण दुखवेल? पुन्हा जा आणि वेगळं विचारा. महिन्यातून कितीदा कुणाला दवाखान्यात न्यावं लागतं? आत्ता कशाने नेतात? ड्रायव्हरचा पगार, पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग कुठून करणार? सतरा-अठरा वर्षांच्या गाडीचा क्लच गेला तर कुणाच्या खिशातून? तातडीच्या वेळी १०८ ची रुग्णवाहिका मोफत मिळते. अडतं ते डायलिसिसला, ड्रेसिंगला, डोळे तपासायला न्यायच्या फेऱ्यांपाशी. त्यासाठी गावातल्या एखाद्या रिक्षावाल्याशी महिन्याचं ठरवून द्यायला तुम्ही पैसे दिलेत, तर कदाचित गाडीपेक्षा जास्त कामाचं होईल. आणि ‘हिचीच ॲम्ब्युलन्स करू’ असं कुणी म्हणालं तर हसून विषय बदला. रुग्णवाहिकेचे नियम वेगळे आहेत. सीट काढून स्ट्रेचर घातलं आणि वर दिवा बसवला, की झाली, असं होत नाही.

एवढं विचारूनही आश्रम म्हणाला की आम्हाला गाडीच हवी, तर मात्र ती नीट द्या. आधी ओळखीच्या मेकॅनिकला शेडमध्येच बोलवा. इतकी वर्षं उभी गाडी म्हणजे बॅटरी मेलेली, चारही टायर खालून चपटे होऊन भेगाळलेले, टाकीतलं पेट्रोल आंबलेलं आणि बॉनेट उघडलंत तर बहुधा उंदरांनी वायरिंगचं आवरण सोलून इंजिनावर घरटं केलेलं. ब्रेकचे सिलिंडर धरलेले असतात. तो जो आकडा सांगेल तो कागदावर लिहा. त्याखाली नूतनीकरणाची ५,००० रुपये फी लिहा (गाडीने विशी ओलांडली की हीच १०,००० होते, म्हणून रेंगाळू नका). त्याखाली उशिराचे दर महिन्याला ५०० रुपये. दोन वर्षांच्या उशिराचे नुसते १२,००० होतात आणि तुमचा उशीर त्याहून मोठा आहे. मग पर्यावरण कर, विमा, पीयूसी, एचएसआरपी नंबरप्लेट आणि गाडी तपासणीला न्यायचा टोइंगचा खर्च. हो, टोइंग. मुदत संपलेली, विमा नसलेली गाडी ‘आरटीओतच तर चाललोय’ म्हणून चालवत नेता येत नाही. ही बेरीज बघितल्यावर निम्म्या लोकांचा निर्णय तिथल्या तिथे होतो.

तरीही करायचं ठरलं, तर नाव दोनदा बदलेल. आधी वडिलांकडून वारसाकडे, मग वारसाकडून संस्थेकडे. पहिल्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, वारसांचे कागद आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र. नियमाप्रमाणे मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नावावर करून घ्यायचं असतं. तुमची ती मुदत केव्हाच गेलीय, पण त्यामुळे दार बंद होत नाही, उशिराचं द्यावं लागतं इतकंच. नूतनीकरणाला फॉर्म २५ आणि संस्थेच्या नावावर करायला २९ आणि ३०. एजंट येऊन चेसिस नंबरावर कागद धरून वरून पेन्सिल घासेल आणि आकडे उमटवून घेईल. तो कागद तुम्ही स्वतः आरसीशी ताडून बघा. जुन्या गाड्यांत एखादा आकडा गंजून पुसट झालेला असतो आणि सगळी फाइल तिथे अडते. त्याआधी एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. कर्जाचा बोजा अजून दिसतोय का? वडिलांनी हप्ते केव्हाच फेडले असतील, पण बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ आरटीओत दिलेच नसतील, तर आरसीवर बँकेचं नाव तसंच असतं. फार घरांत हे सापडतं.

आश्रमाकडूनही तुम्हाला कागद हवेत. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, पॅन आणि ‘ही गाडी आम्ही स्वीकारत आहोत’ असा विश्वस्तांचा ठराव. व्यवस्थापकांचा तोंडी होकार म्हणजे संस्थेचा होकार नव्हे. ठराव मागितल्यावर जी संस्था तोंड वाकडं करते तिला गाडी देऊ नये, असं माझं सरळ मत आहे.

पण मला विचाराल, तर तुमच्या परिस्थितीत मी या वाटेने जाणार नाही. मी गाडी अधिकृत स्क्रॅप केंद्रात देईन आणि आलेले पैसे वडिलांच्या नावाने आश्रमाला देईन. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार नोंदणीकृत वाहन स्क्रॅप केंद्रं सुरू झाली आहेत. तिथे गाडी दिली की ती जमा केल्याचं ‘ठेव प्रमाणपत्र’ मिळतं, पुढे गाडी मोडल्याचंही मिळतं आणि नोंदणी रद्द होते. मूळ आरसी, मृत्यूचा दाखला, वारसांचे कागद आणि संमती इथेही लागतातच, त्यातून सुटका नाही. पण नूतनीकरण, तपासणी, टायर, विमा हे सगळं वाचतं. धोरण आलं तेव्हा सरकारने भंगारमूल्याचा अंदाज नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के असा दिला होता. प्रत्यक्षात भाव वजनावर आणि त्या दिवसाच्या लोखंडाच्या दरावर ठरतो, म्हणून दोन केंद्रांकडून लेखी भाव घ्या आणि गाडी उचलून न्यायचा खर्च कुणाचा, हे त्यातच विचारा.

ठेव प्रमाणपत्राचा एक उपयोग लोकांना माहीत नसतो. ते दाखवून नवी गाडी घेतली तर नोंदणी फी माफ होते आणि वाहन करात सवलत मिळते. खाजगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत सवलत द्यायची मुभा केंद्राने राज्यांना दिलीय, राज्यात सध्या किती चालू आहे ते आरटीओत कळेल. शिवाय ते दुसऱ्याच्या नावे करता येतं. तुमच्या घरात कुणी गाडी घेणार असेल किंवा आश्रमच एखादी नवी छोटी गाडी घ्यायच्या विचारात असेल, तर हे प्रमाणपत्र त्यांना द्या.

नाक्यावरच्या भंगारवाल्याला मात्र देऊ नका, चार पैसे जास्त देत असला तरी. तो गाडी कापेल, पण नोंदणी रद्द करणार नाही. नंबरप्लेट आणि चेसिसचा तुकडा कुठे जाईल सांगता येत नाही, आणि वर्षभराने कुठल्या तरी टोलनाक्यावरचं ई-चलन वडिलांच्या मोबाइलवर येऊन पडेल.

आईंना ‘स्क्रॅप’ हा शब्द झेपणार नाही, हे मला कळतं. तेव्हा आधी तो शब्द वापरू नका. ‘गाडी मोडून आलेल्या पैशांतून आश्रमात ह्यांच्या नावाने दवाखान्याच्या फेऱ्यांची सोय करू’ हे पूर्ण वाक्य एका दमात सांगा, आणि पावती वडिलांच्या स्मरणार्थ आईंच्याच हातात पडू दे. त्या चेकवर सही आईंची असली तर अजून बरं. आणि तरीही त्या नाही म्हणाल्या, तर गाडी राहू दे शेडमध्ये. उभी गाडी कुणाचं काही बिघडवत नाही. तुम्हाला घाई नेमकी कशाची आहे, हे पत्रात कुठे आलेलं नाही.

अशीच पत्रं अधूनमधून येतात, म्हणून बाकीच्यांसाठी थोडंसं. गाडी पूर्ण बंद असेल आणि घरच्यांना ती ‘कामाला यावी’ असं फार वाटत असेल, तर जवळच्या आयटीआयच्या मोटार मेकॅनिक विभागात चौकशी करा. मुलांना उघडून-जोडून शिकायला अशी गाडी उपयोगी पडते. मात्र नोंदणी रद्द करण्याचं आरटीओशी लेखी ठरवूनच द्या. आरसी हरवली असेल तर आधी पोलिसांत तक्रार, मग दुय्यम प्रत. स्कूटरचंही गणित हेच, फक्त आकडे लहान. आणि सीमाभागातल्या वाचकांनी, ज्यांच्या दारात कर्नाटक किंवा गोवा पासिंगची गाडी पडून आहे, त्यांनी ती इथे कुणाच्या नावावर करायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी लागते हे धरून चालावं. स्क्रॅप करायची असेल तर गाडी कुठल्या राज्यातली आहे, याने अडत नाही.

तुम्ही या आठवड्यात एवढंच करा. आश्रमाच्या व्यवस्थापकांना फोन करून सांगा की घरच्यांशी बोलून कळवते, तोवर कुणाला पाठवू नका. मूळ आरसी शोधून ठेवा. ती वडिलांच्या पाकिटात, देव्हाऱ्याखालच्या खणात किंवा गाडीच्याच डॅशबोर्डमध्ये सापडेल. डॅशबोर्ड उघडालच, तर आईंना सोबत घ्या.